अवघड बाळंतपणानंतरची भीती आणि ती टाळण्याचे मार्ग

‘बाळ सुखरूप आहे ना, मग झालं तर!’ अवघड बाळंतपणातून सुटलेल्या बाईला हे वाक्य पहिल्या दिवसातच चारचौघांकडून ऐकायला मिळतं. बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण ऐकणारी त्याचा अर्थ असा घेते, की आपल्यावर जे ओढवलं त्याबद्दल आता बोलायचं नाही. मग ती बोलत नाही. दोन-तीन वर्षांनी घरात दुसऱ्या मुलाचा विषय निघतो आणि तिला घाम फुटतो. पाळी चार दिवस लांबली तर झोप उडते. तपासणीच्या टेबलावर झोपायला सांगितलं की पाय थरथरू लागतात. एखादी मनातून हवं असूनही ‘दुसरं नकोच’ म्हणते. एखादी पहिल्याच भेटीत डॉक्टरांना हात जोडते, ‘काही करा, पण मला कळा नकोत. थेट सिझरच करा.’

बाळंतपणाची थोडी काळजी प्रत्येकीला वाटते आणि ती स्वाभाविक आहे. मात्र ती रोजच्या जगण्यात, झोपेत, नवराबायकोच्या नात्यात आणि निर्णयांत आडवी येऊ लागली, तर वैद्यकशास्त्रात तिला ‘टोकोफोबिया’ म्हणतात. पहिलटकरणींच्या अशा भयाची नोंद फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ लुई मार्से यांनी १८५८ मध्येच केली होती. २००० साली हॉफबर्ग आणि ब्रॉकिंग्टन या दोन ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांनी तिचे प्रकार मांडले. कधी ती पहिल्या गरोदरपणाच्याही आधीपासून असते, तर कधी एका बाळंतपणाच्या अनुभवातून जन्मते. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ मध्ये घेतला गेला, तेव्हा सुमारे १४ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये अशी तीव्र भीती आढळली. हा लेख मुख्यतः दुसऱ्या प्रकाराबद्दल, म्हणजे अनुभवातून रुजलेल्या भीतीबद्दल आहे. कारण ती बऱ्याच अंशी टाळता येते.

भीती कशातून रुजते?

बाळंतपण जितकं अवघड तितकी भीती मोठी, असं आपण धरून चालतो. नॉर्वेमध्ये आधी बाळंतपण झालेल्या आणि पुन्हा गरोदर असलेल्या स्त्रियांचा अभ्यास झाला, तेव्हा वेगळंच दिसलं. आधीच्या वेळी वैद्यकीय गुंतागुंत झाली होती की नाही, यापेक्षा तो अनुभव त्या बाईला कसा वाटला होता, याचा भीतीशी कितीतरी घट्ट संबंध होता. गुंतागुंत होऊनही बहुतेक जणींना पुढे तीव्र भीती वाटली नव्हती. उलट, केसपेपरवर ‘नॉर्मल डिलिव्हरी’ लिहिलेली बाईही हादरलेली असू शकते.

असं का व्हावं? बायका अशा बाळंतपणाबद्दल सांगू लागतात, तेव्हा कळांच्या तीव्रतेपेक्षा चार गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. पहिली, मी एकटी होते. दुसरी, काय चाललंय ते मला कुणी सांगितलं नाही. न विचारता आत हात घातला, चीर दिली, पोट दाबलं. तिसरी, दुखतंय म्हणून सांगितलं तर कुणी विश्वास ठेवला नाही. चौथी, मला बोलले. ‘तेव्हा नाही ओरडलीस, आता कशाला ओरडतेस?’ हे लेबर रूममधलं वाक्य अनेक जणींनी ऐकलेलं आहे. त्या वाक्याची जखम टाक्यांसारखी काही आठवड्यांत भरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये निवेदन काढून बाळंतपणातल्या अशा अपमानाला आणि गैरवागणुकीला स्त्रीच्या हक्कांचं उल्लंघन म्हटलं आहे.

भीतीचा परिणाम पुढच्या बाळंतपणावरही होतो. घाबरलेल्या शरीरात ॲड्रेनालिन वाढतं, स्नायू आखडतात आणि कळांना लागणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या कामात अडथळा येऊ शकतो. नॉर्वेतल्याच २०१२ च्या एका अभ्यासात भीती असलेल्या स्त्रियांचं बाळंतपण, इतर कारणं वजा करूनही, सरासरी ४७ मिनिटं जास्त लांबलं. म्हणजे एका वेळची वागणूक पुढच्या वेळच्या कळांपर्यंत पोहोचते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात सुमारे ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. माता आणि बाळांचे जीव वाचवण्याच्या दृष्टीने ही मोठी कमाई आहे. पण त्यामुळेच आता भीती रुजेल की नाही, हे बरंचसं लेबर रूममध्ये ठरतं. तिथे काय करता येईल, आधी आणि नंतर काय करता येईल, ते क्रमाने पाहू.

सातव्या महिन्यापासूनची तयारी

डोहाळजेवण, माहेरी कधी जायचं, बाळाची दुपटी यांची तयारी घरोघरी होते. प्रत्यक्ष बाळंतपणाची तयारी मात्र ‘डॉक्टर बघतील’ यावर सोडली जाते. सातव्या महिन्यापासून पुढील गोष्टी करा.

जिथे नाव घातलंय, तिथली लेबर रूम एकदा बघून या. ओळखीच्या जागेची धास्ती कमी वाटते. बाळंतपण माहेरी करायचं असेल, तर तिथल्या डॉक्टरांना शेवटच्या आठवड्यात पहिल्यांदा भेटू नका. निदान दोन-तीन तपासण्या तिथे व्हायला हव्यात. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, तेव्हाही प्रश्न विचारता येतात.

प्रश्न कागदावर लिहून न्या. समोर गेल्यावर निम्मे विसरतात. हे प्रश्न जरूर असावेत:

- कळांच्या वेळी माझ्याजवळ कोण थांबू शकेल? रात्रीही?
- दुखणं कमी करण्यासाठी इथे काय सोय आहे? पाठीतून भूल देणारे डॉक्टर रात्री उपलब्ध असतात का?
- कळा वाढवायचं इंजेक्शन कधी देता?
- चीर सगळ्यांनाच देता, की गरज पडली तरच?
- मला चालता-बसता येईल का? पाणी पिता येईल का?
- अचानक सिझर करायचं ठरलं, तर मला कोण सांगेल?
- बाळ जन्मल्यावर लगेच माझ्या छातीवर देता का?

हे प्रश्न विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं नव्हे. बहुतेक डॉक्टर शांतपणे विचारलेल्या प्रश्नांना नीट उत्तर देतात. जिथे प्रश्नच चालत नाहीत, तिथे नाव ठेवायचं की नाही याचा विचार करायला अजून वेळ असतो.

बाळंतपणाला किती वेळ लागतो, याची खरी कल्पना करून घ्या. गर्भाशयाचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंतचा सुरुवातीचा काळ कितीही लांबू शकतो. त्याला ठरावीक मर्यादा नाही. त्यानंतरच्या जोरदार कळांचा काळ पहिलटकरणीला साधारण बारा तासांपर्यंत आणि दुसऱ्या खेपेला दहा तासांपर्यंत जाऊ शकतो. पूर्ण उघडल्यावर बाळ बाहेर यायला पहिल्या वेळी तीन तासांपर्यंत लागू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनातले हे आकडे आहेत. तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे हा जुना दंडक त्यात सोडून दिला आहे. हे माहीत असलेली बाई आठव्या तासाला ‘माझंच काहीतरी चुकतंय’ असं म्हणत नाही.

पूर्वी गर्भपात, मूल जाणं, लैंगिक अत्याचार किंवा तपासणीचा वाईट अनुभव आला असेल, तर तो डॉक्टरांना किंवा विश्वासातल्या सिस्टरला एकांतात सांगा. सगळा तपशील द्यायची गरज नाही. ‘आतून तपासताना मला फार भीती वाटते, आधी सांगून तपासा’ एवढंही पुरेसं आहे. डॉक्टरांनीही सासू आणि नवऱ्याला दोन मिनिटं बाहेर थांबवून हा प्रश्न स्वतःहून विचारावा.

सोबत हा उपचारच आहे

कळांच्या वेळी सतत कुणीतरी जवळ असण्याचा परिणाम तपासणाऱ्या २६ चाचण्यांचा आढावा कोक्रेन संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. १७ देशांतल्या १५ हजारांहून अधिक स्त्रियांचा त्यात समावेश होता. सोबत मिळालेल्या स्त्रियांची नैसर्गिक प्रसूती होण्याची शक्यता जास्त होती, सिझर कमी झाली, कळांचा काळ कमी झाला आणि बाळंतपणाबद्दल वाईट भावना राहण्याचं प्रमाणही घटलं. एखाद्या गोळीने एवढं साधलं असतं, तर ती प्रत्येक दवाखान्यात ठेवली गेली असती.

भारताच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला मान्यता दिली आहे. स्वतः बाळंतपण अनुभवलेली नात्यातली बाई असेल तर उत्तम, आणि आडोशाची सोय असेल तिथे नवराही चालतो. सोबतिणीला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिने शेवटपर्यंत थांबावं आणि उपचारात ढवळाढवळ करू नये, अशा साध्या अटी आहेत. तेव्हा ‘बाहेर थांबा’ असं ऐकावं लागलं, तर या सूचनेची आठवण नम्रपणे करून द्या.

सोबत कुणाची, हे बाळंतिणीने ठरवायचं. आई, बहीण, जाऊ, मावशी, नवरा, मैत्रीण, कुणीही चालेल. पण घाबरून रडणारी किंवा ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हणणारी व्यक्ती नको. निवडलेल्या व्यक्तीने इतकं करावं:

- कळ आली की तिच्या श्वासाबरोबर श्वास घ्यावा, कमरेवर तळहाताने दाब द्यावा, चोळावं.
- दोन कळांच्या मध्ये पाण्याचे घोट द्यावेत, चालताना आधार द्यावा, लघवीला जाण्याची आठवण करावी.
- डॉक्टर काही बोलले तर ते तिला कळलं का, हे विचारावं. नसेल तर पुन्हा सांगायची विनंती करावी.
- ती ओरडली तर ‘गप्प बस, लोक काय म्हणतील’ असं म्हणू नये.
- फोनवर नातेवाइकांना खबरी देत बसू नये. त्या कामाला बाहेरचं माणूस नेमावं.

लेबर रूममधल्या डॉक्टर, सिस्टर आणि मावशींसाठी

एका सिस्टरकडे एकाच रात्री किती कळा देणाऱ्या बायका असतात, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयात जाऊन बघितलं की कळतं. थकव्यातून आलेला कडवटपणा समजू शकतो. पण त्याची किंमत समोरच्या टेबलावरची बाई कित्येक वर्षं मोजते. पुढे सांगितलेल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही आणि वेळही फारसा लागत नाही.

आल्यावर तिला नावाने हाक मारा. ‘ए, चार नंबर’ नको. स्वतःचं नाव सांगा. आतून तपासण्याआधी सांगा, विचारा, ‘हो’ म्हटल्यावर कळ ओसरू द्या आणि मग तपासा. तपासल्यावर काय आढळलं तेही सांगा. नेहमीच्या बाळंतपणात जोरदार कळांच्या काळात चार तासांनी एक तपासणी पुरते. विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी पुन्हा पुन्हा तपासायचं असेल, तर तिची परवानगी हवी आणि तिला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे. पडदा ओढा. दोन टेबलांच्या मध्ये पडदा नसेल, तर आजच मागणी लिहा.

सरसकट चीर देणं, एनिमा, केस काढणं, बाळ बाहेर यावं म्हणून पोटावर दाब देणं, या गोष्टी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार करायच्या नाहीत. धोका कमी असलेल्या स्त्रीला खाऊ-पिऊ द्यावं, चालू द्यावं, हव्या त्या स्थितीत बसू द्यावं. चीर द्यावीच लागली, तर आधी भूल आणि परवानगी. टाके घालण्याआधीची भूल तर कधीच टाळू नये. बाळ हातात आल्यानंतर भूल न देता घातलेले टाके हीच पूर्ण बाळंतपणातली सर्वांत भयाण आठवण, असं सांगणाऱ्या बायका आहेत. सिझरच्या टेबलावर ‘दुखतंय’ म्हटलं, तर ‘नुसतं ओढल्यासारखं वाटतंय’ असं परस्पर ठरवू नका. थांबा, भूलतज्ज्ञांना तपासू द्या.

वेदनाशमन ही चैन नव्हे. पाठीतली भूल सगळीकडे शक्य नसेल, पण इंजेक्शन, श्वासाचं तंत्र, कोमट पाण्याचा शेक, चोळणं, स्थिती बदलणं हे जवळपास सगळीकडे शक्य आहे. दुखणं पूर्ण थांबवता आलं नाही, तरी ‘तुला खूप दुखतंय हे मला दिसतंय’ हे वाक्य उपयोगी पडतं.

धावपळीच्या क्षणी

बाळाचे ठोके कमी झाले, खांदा अडकला, अंगावरून फार जाऊ लागलं, की काही मिनिटांत निर्णय घ्यावे लागतात. भीती बहुतेकदा याच मिनिटांत रुजते. पाच-सहा माणसं एकदम धावत येतात, एकमेकांशी इंग्रजीत बोलतात, आणि मधोमध झोपलेल्या बाईला वाटतं, आपण किंवा बाळ आता वाचत नाही.

म्हणून तातडीच्या वेळी एका माणसाने फक्त तिच्या उशाशी उभं राहायचं, असा नियम करा. सिस्टर, इंटर्न, कुणीही चालेल. त्याने तिचा हात धरून तीन गोष्टी सांगायच्या: काय झालंय, आम्ही काय करतोय, तू काय करायचंस. ‘सुनीताताई, बाळाचे ठोके कमी झालेत. त्याला लवकर बाहेर काढायला आपण ऑपरेशनला नेतोय. डॉक्टर तयार आहेत. तुम्ही माझ्याकडे बघा आणि श्वास घ्या.’ हे बोलायला पंधरा सेकंदही लागत नाहीत. त्याच वेळी बाहेरच्या नातेवाइकांनाही कुणीतरी एका वाक्यात सांगावं.

बाळ काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, तर नेण्याआधी ते आईला दाखवा, हाताला लावा. शक्य नसेल तर तासाभरात त्याचा फोटो आणून द्या आणि नवऱ्याला बघून येऊन सांगू द्या. बाळ जन्मतः मृत असेल, तर तिला बघायचं आहे का, कुशीत घ्यायचं आहे का, हे विचारा. ‘तिला त्रास होईल’ म्हणून परस्पर ठरवू नका आणि जबरदस्तीही करू नका. तिची खाट पाजणाऱ्या आयांपासून दूर असावी, आणि दूध आलं तर काय करायचं हे तिला सांगून ठेवावं. नाहीतर चौथ्या दिवशी घरी एकटीला ते सोसावं लागतं.

घरी जाण्याआधीचा संवाद

अवघड बाळंतपण झालेल्या प्रत्येक बाईशी, शक्यतो त्या वेळी हजर असलेल्या डॉक्टर किंवा सिस्टरने खाटेजवळ बसून बोलावं. उभ्याने, राउंडच्या घाईत नको. ‘त्या दिवशी बरंच काही घडलं. तुमच्या मनात काही प्रश्न आहेत का?’ एवढ्याने सुरुवात करावी. ती बोलली तर ऐकावं. नको म्हणाली तर ‘सहा आठवड्यांच्या तपासणीला पुन्हा विचारीन’ असं सांगावं. सर्वांना बसवून झालेला प्रसंग पुन्हा जगायला लावण्याची सक्ती करू नये. तशा एकवेळच्या सक्तीच्या सत्रांचा फायदा संशोधनात सिद्ध झालेला नाही. बोलण्याचा लगाम तिच्याच हातात हवा.

या संवादात तीन प्रश्नांची उत्तरं तिला मिळायला हवीत: असं का झालं? माझं काही चुकलं का? पुढच्या वेळी पुन्हा असंच होईल का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असतं आणि ते स्पष्ट शब्दांत ऐकण्याची तिला नितांत गरज असते. दवाखान्याकडून काही कमी पडलं असेल, तर ते मान्य करून माफी मागावी.

डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. काय गुंतागुंत झाली, कोणती उपाययोजना केली, पुढच्या वेळी काय काळजी घ्यावी, हे त्यावर लिहून घ्या. संपूर्ण कागदपत्रं मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यावर डॉक्टरांनी ती ७२ तासांत द्यायची असतात आणि तीन वर्षं जपायची असतात. त्यामुळे हे काम पुढे ढकलू नका.

सव्वा महिना : घरच्यांनी काय पाहावं?

डिंकाचे लाडू, शेक, तेल-मालीश यांबरोबर बाळंतिणीच्या मनाकडेही बघावं लागतं. ‘माझ्या वेळी तर तीन दिवस कळा होत्या’, ‘सिझर झालं म्हणजे तुला त्रासच कुठे झाला?’, ‘जोर लावला असतास तर सिझर टळलं असतं’ ही वाक्यं घरात बंद करा. त्याऐवजी म्हणा, ‘खूप सोसलंस तू. सांगावंसं वाटलं तर मी ऐकतेय.’ एकच गोष्ट ती चार वेळा सांगेल, ती चार वेळा ऐका. बाळ सुखरूप असल्याचा आनंद आणि जे घडलं त्याचं दुःख, दोन्ही तिच्या मनात एकाच वेळी असू शकतात. नवऱ्यानेही दाराबाहेर किंवा आत काही भयंकर पाहिलेलं असतं. त्यालाही कुणी विचारत नाही, तेही विचारा.

ही लक्षणं महिनाभरानंतरही टिकली तर मदत घ्या: तोच प्रसंग डोळ्यांसमोर येणं, तीच स्वप्नं पडणं, दवाखान्याच्या वासाने किंवा रस्त्याने छाती धडधडणं, बाळ झोपलं तरी झोप न लागणं, सतत दचकणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं किंवा क्षणभरही त्याला कुणाकडे देता न येणं, नवऱ्याचा स्पर्श नकोसा होणं. बाळंतपणानंतर सुमारे ४ टक्के स्त्रियांना आघातोत्तर ताणविकार होतो. ज्यांच्या बाळंतपणात मोठी गुंतागुंत झाली, त्यांच्यात हे प्रमाण बरंच जास्त असतं. नैराश्य वेगळंच. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांच्या बाळंतिणींपैकी २३ टक्के स्त्रियांना नैराश्य होतं. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाल्याची नाराजी यांचा त्याच्याशी संबंध दिसला. मुलगी झाली म्हणून उतरलेले चेहरे आईच्या आजाराला हातभार लावतात, हे घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं.

मदत कुठे मागायची? आशाताई दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ४२ दिवसांत सहा वेळा घरी येते. बाळाचं वजन घेताना तिने आईला ‘झोप लागते का? त्या दिवसाची आठवण त्रास देते का?’ हेही विचारावं. स्त्रीरोगतज्ज्ञ, जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग हे पुढचे टप्पे. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. आघातावर केंद्रित समुपदेशन आणि गरज पडल्यास औषधं यांनी बरं वाटतं. अंगावर पाजतानाही घेता येतील अशी औषधं असतात. जीव द्यावासा वाटणं, बाळाला इजा करण्याचे विचार, कानात आवाज येणं, दोन-तीन रात्री अजिबात झोप न लागणं असं काही झालं, तर तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

पुन्हा दिवस राहण्याआधी आणि राहिल्यावर

दुसऱ्या मुलाची घाई करू नका. तोपर्यंत भरवशाचं गर्भनिरोधक वापरा. ‘राहिलं तर?’ या धास्तीनेच अनेक जोडप्यांचं जवळ येणं थांबतं. जुनी कागदपत्रं घेऊन डॉक्टरांना दिवस राहण्याआधीच भेटा आणि मागच्या वेळचं प्रत्येक कारण पुन्हा उद्भवण्याची शक्यता किती, हे विचारा. दुसऱ्या खेपेच्या कळा सहसा कमी वेळ चालतात, ही गोष्टही धीर देणारी आहे.

स्वीडनमध्ये भीती वाटणाऱ्या गरोदर स्त्रियांसाठी प्रसूतिगृहांत ‘ऑरोरा’ नावाने ओळखले जाणारे खास कक्ष आहेत. तिथे अनुभवी सुईण तिचं ऐकते आणि तिच्याबरोबर योजना आखते. फिनलंडमध्ये तीव्र भीती असलेल्या ३७१ पहिलटकरणींवर झालेला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग बोलका आहे. ज्यांना मानसतज्ज्ञांच्या गटसत्रांचा लाभ दिला गेला, त्यांच्यात ६३ टक्के जणींची नैसर्गिक प्रसूती झाली, बाकीच्यांत ४७ टक्के. सिझरचं प्रमाण २३ टक्के आणि ३२ टक्के असं राहिलं. आपल्या तालुक्याच्या गावी असा कक्ष नसेल, पण एक डॉक्टर, एक सिस्टर आणि एक पानाची योजना शक्य आहे. त्या पानावर लिहा: मागच्या वेळी काय झालं, मला सर्वांत जास्त कशाची भीती वाटते, ती वाटू लागली तर काय केल्याने मला बरं वाटतं, सोबत कोण असेल, भूल कधी मागणार, आणि सिझर करावं लागलं तर काय हवं. त्याची एक प्रत केसपेपरला लावा.

इतकं सगळं करूनही कुणाला ठरवून सिझर हवं असेल, तर तिला भित्री म्हणू नये. फायदे-तोटे, पुढच्या गरोदरपणावरचे परिणाम नीट समजावून सांगावेत आणि मग तिच्या निर्णयाचा मान राखावा.

व्यवस्थेकडून काय मागायचं?

धोरण कागदावर आहे. केंद्राच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात लेबर रूमच्या दर्जाबरोबर सन्मानपूर्वक वागणुकीचाही समावेश आहे. २०१९ च्या ‘सुमन’ योजनेत सरकारी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक मातेला मोफत आणि सन्मानाने सेवा देण्याची हमी आहे. २०१८ मध्ये प्रशिक्षित मिडवाइफ परिचारिकांचा वर्ग तयार करण्याची मार्गदर्शक तत्त्वंही आली. आता प्रत्येक रुग्णालयाने एवढं करावं: सोबतिणीसाठी टेबलाजवळ स्टूल, टेबलांमध्ये पडदा, पाठीतल्या भुलीची निदान मोठ्या रुग्णालयांत रात्रीची सोय, पुरेशा सिस्टर आणि तातडीच्या प्रसंगी कसं बोलायचं याचा सराव. भयंकर प्रसंगानंतर कर्मचाऱ्यांनाही मन मोकळं करायला जागा हवी. दगड झालेल्या मनाने कुणालाच धीर देता येत नाही.

यात आणखी एक ओळ वाढवावी. डिस्चार्ज कार्डावर बाळाचं वजन, आईचा रक्तदाब, टाके, लोहाच्या गोळ्या सगळं लिहिलेलं असतं. त्याखाली छापावं: ‘बाळंतपणाचा अनुभव कसा होता, हे आईला विचारलं का?’ आणि समोर विचारणाऱ्याची सही. जी गोष्ट कार्डावर छापली जाते, ती विचारली जाते. जी विचारली जाते, तिच्यावर वेळेत उपचार होतात. तोवर तुमच्या घरात, गल्लीत, वॉर्डात जी नुकती बाळंत झाली असेल, तिला हा प्रश्न तुम्हीच विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत तिथून उठू नका.